मोठ्या निगेटिव्हचा मोह आणि त्याचा हिशेब

[दृश्य: लाइटबॉक्स. त्यावर फिल्मचे चार ढीग.]

डावीकडे ३५ मिलिमीटरचा एक अख्खा रोल आहे, पट्ट्या कापून मांडलेला. ३६ फ्रेम. शेजारी १२० चा रोल, म्हणजे कागदासोबत गुंडाळलेली रुंद फिल्म, सहा बाय सहा सेंटिमीटरच्या १२ फ्रेम. त्यापुढे चार बाय पाच इंचांच्या चार शीट, म्हणजे फिल्मचे सुटे तुकडे, आणि उजव्या टोकाला आठ बाय दहाची एकच शीट. चारही ढिगांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच भरतं, साधारण ८० चौरस इंच. तेवढं डेव्हलप करताना रसायनाची ताकदही तितकीच खर्च होते. पण पहिल्या ढिगात ३६ फोटो आहेत आणि शेवटच्या ढिगात एक.

मग एवढी फिल्म एका फोटोवर खर्च करायची कशासाठी? उत्तर प्रिंटमध्ये आहे. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर. तिच्यापासून १६ बाय २० इंचांचा प्रिंट काढायचा तर ती १७ पट मोठी करावी लागते. १२० च्याच रोलवरची सहा बाय सातची फ्रेम सव्वासात पट केली की तोच प्रिंट होतो. चार बाय पाचला सव्वाचार पट पुरते. मोठं करताना नुसतं चित्र मोठं होत नाही. ग्रेन, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, मोठा होतो, धुळीचा कण मोठा होतो, हात किंचित हलला असेल तर तेही मोठं होतं आणि लेन्सचा दोषही. मोठी निगेटिव्ह म्हणजे कमी पट मोठं करणं. आकाशाचा करडा रंग सलग, मऊ उतरतो तो त्यामुळे.

[दृश्य: जुना अल्बम, काळ्या पानांवर छोटे चौकोनी फोटो.]

मराठी घरांतल्या जुन्या अल्बममध्ये याचा पुरावा सापडतो. पूर्वी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा बॉक्स कॅमेरा. लेन्स म्हणजे एकच भिंग. फ्रेम मात्र सहा बाय सहाची. त्यातून निघालेले छोटे चौकोनी प्रिंट आजही स्वच्छ दिसतात, कारण बहुतेक प्रिंट निगेटिव्ह कागदावर ठेवून काढलेले असत. एकही पट मोठं केलेलं नसे. त्याच निगेटिव्हवरून आठ इंचांचा प्रिंट काढून पाहा. मधला चेहरा टिकतो, कोपरे विरघळतात. म्हणजे फॉरमॅट, निगेटिव्हचा आकार, मोठा असला तरी लेन्सची उणीव भरून निघत नाही, ती फक्त कमी पट मोठी होते.

फोटोग्राफीचा प्रवास खरं तर उलट्या दिशेने झाला. एकोणिसाव्या शतकात जेवढा प्रिंट हवा तेवढी काच लागायची. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, तो ऑस्कर बार्नाक यांच्या एका विचारातून: निगेटिव्ह छोटी ठेवायची आणि प्रिंट मोठा करायचा. जड काचांचं ओझं नको म्हणून छोटा फॉरमॅट आला. मोठ्याकडे परत जाणाऱ्याला ते ओझं पुन्हा उचलावं लागतं, आणि त्यात वजन हा सर्वांत हलका भाग आहे.

[दृश्य: दगडी मंडप, पुढे कोरीव खांब, मागे अंधारा गाभारा.]

अंबरनाथच्या शिवमंदिरासारखा दगडी मंडप डोळ्यांसमोर आणा. पुढचा खांब दोन मीटरवर. तो आणि मागची भिंत, दोन्ही स्पष्ट हवेत. ३५ मिलिमीटरवर ५० मिलिमीटरची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ठेवलं. एफचा आकडा मोठा तसं छिद्र लहान. उजेड इतका कमी की लाइट मीटर एक सेकंदाचं एक्स्पोजर सांगतो. आता तीच चौकट चार बाय पाचवर. इथे १५० ची लेन्स लागते, आणि तेवढीच डेप्थ, म्हणजे पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, मिळवायला एफ/२८ च्या आसपास जावं लागतं. व्यवहारात एफ/३२. म्हणजे चार स्टॉप, दर स्टॉपला उजेड निम्मा. एक सेकंदाचे दोन, चार, आठ, सोळा.

सोळा सेकंदांवर काम भागत नाही. इतक्या लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. इलफर्डच्या एफपी-४ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी कंपनीचं सूत्र सोपं आहे: मीटरने दिलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा. सोळाचे तेहतीस होतात. आता खांबावरचं शिल्प जवळून घ्यायचं ठरलं आणि बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता, १५० वरून २२५ मिलिमीटरपर्यंत ओढला. लेन्स फिल्मपासून दीडपट लांब गेली, उजेड सव्वादोन पट कमी झाला. सोळाचे छत्तीस, आणि मग छत्तीसचा घात, साधारण एक्याण्णव सेकंद. क्रम महत्त्वाचा आहे. बेलोजची दुरुस्ती आधी, रेसिप्रॉसिटीची नंतर. उलट केलं तर चौऱ्याहत्तर सेकंद येतात आणि सावल्यांतली नक्षी बुडते. छोट्या फॉरमॅटवर जे एका सेकंदात होत होतं, त्याला इथे दीड मिनिट लागलं.

दीड मिनिट म्हणजे ट्रायपॉड आलाच. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते. ३५ चा कॅमेरा गळ्यात अडकवून आत जाणाऱ्याला ही पायरीच नाही.

लेन्स किंवा फिल्म तिरकी करून डेप्थ मिळवता येते, हे खरं आहे. मोठ्या कॅमेऱ्याची ही हुकमी ताकद. फरशी, शेत, टेबल अशा आडव्या पृष्ठभागासाठी हा टिल्ट उत्तम चालतो. पण उभे खांब पुढे-मागे असतील तर एका प्रतलात बसत नाहीत, तिथे अ‍ॅपर्चर लहान करण्याला पर्याय नाही. राइजची गोष्ट वेगळी. कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर उचलली की शिखर चौकटीत येतं आणि भिंती आत कलत नाहीत. ज्याला वास्तू टिपायची आहे, त्याच्यासाठी चार बाय पाच घेण्याचं हे सर्वांत सच्चं कारण.

[दृश्य: अंधारात शीट होल्डर भरणारे हात, वरून घेतलेलं दृश्य.]

शीट फिल्मचं काम हाताचं आहे. पूर्ण अंधारात शीट उभी धरायची. कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात लागल्या की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, आपल्याकडे तोंड करून आहे. होल्डरच्या, म्हणजे शीट धरणाऱ्या चपट्या चौकटीच्या, दोन्ही बाजूंच्या पट्टीखाली शीट नीट सरकली पाहिजे. एक कड वर राहिली तर चित्राचा तो भाग फोकसबाहेर जातो. डार्क स्लाइडची, म्हणजे होल्डरच्या सरकत्या झाकणाची, पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाजू बाहेर म्हणजे घेऊन झालेली. भरण्याआधी होल्डर ब्रशने झाडायचा, कारण शीटवर बसलेला कण तेवढा उजेड अडवतो आणि प्रिंटवर काळा ठिपका होऊन येतो. काळा ठिपका पुसणं पांढऱ्यापेक्षा फार अवघड.

कॅमेऱ्यावर क्रम ठरलेला. शटर उघडून मागच्या दुधी काचेवर उलटं चित्र जुळवायचं, लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून फोकस. मग शटर बंद. अ‍ॅपर्चर, वेळ, शटर कॉक. होल्डर सरकवायचा, तो खाचेत बसल्याची खात्री करायची, स्लाइड सरळ ओढायची, कॅमेरा थरथरायचा थांबेपर्यंत थांबायचं, आणि मग शटरची केबल दाबायची. शटर बंद करायचं राहिलं आणि स्लाइड ओढली, तर शीट त्या क्षणीच गेली.

१२० चं काम ३५ आणि शीट यांच्या मधलं. फिल्म कागदाला एका टोकाला चिकटपट्टीने जोडलेली असते. रुंद असल्याने डेव्हलपिंगच्या टाकीतल्या रीलवर चढवताना ती दुमडली की निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखा डाग उमटतो. रील ओलसर असेल तर फिल्म अर्ध्यात अडकते. कोकणात पावसाळ्यात हे हमखास होतं, म्हणून रील हेअर ड्रायरने कोरडी करून घ्यायची. पॅटरसनच्या टाकीत ३५ च्या रोलला २९० मिलिलीटर लागतात, १२० ला ५००. डेव्हलपर एकदा वापरून ओतून देणाऱ्याचा खर्च तिथेच वाढला.

तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. मुंबईत मे महिन्यात नळाचं पाणी गरम येतं आणि डेव्हलपरचे तक्ते २० अंशांवर बेतलेले असतात. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवा, किंवा २४ अंशांचा तक्ता धरा, पण वेळ पाच मिनिटांखाली जाऊ देऊ नका. नाहीतर डेव्हलपमेंट असमान होते, आणि मोठ्या निगेटिव्हच्या सलग आकाशात ते सगळ्यांत आधी दिसतं.

[दृश्य: एन्लार्जर, शेजारी फ्लॅटबेड स्कॅनर.]

खरा पैसा कॅमेऱ्यानंतर जातो. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र. ३५ च्या एन्लार्जरवरची ५० ची लेन्स सहा बाय सातला झाकत नाही, तिथे ९० किंवा १०५ ची लागते, निगेटिव्ह धरणारा वेगळा कॅरिअर आणि बहुधा उजेड एकवटणारे वेगळे कंडेन्सर. चार बाय पाचला अख्खा एन्लार्जरच दुसरा, एकट्याने उचलायला जड. स्कॅन करणाऱ्यांचंही तसंच. एप्सन व्ही६०० मध्ये १२० बसतं, चार बाय पाच बसत नाही. त्यासाठी व्ही८५० च्या वर्गातला स्कॅनर हवा.

म्हणून पायरी मोजून चढावी. ३५ वरून सहा बाय सातवर गेलात तर १६ बाय २० साठीचं मोठं करणं १७ पटीवरून सव्वासातवर येतं. तिथून चार बाय पाचवर गेलात तर सव्वासातवरून सव्वाचारवर. पहिली उडी मोठी आणि तुलनेने स्वस्त, दुसरी छोटी आणि महाग. तुमचे प्रिंट आठ बाय बारापर्यंतच राहणार असतील, तर १०० आयएसओची फिल्म, एफ/८ आणि ट्रायपॉड यांच्या जोरावर ३५ मिलिमीटर चांगलं काम देतं. आधी तेवढं करून पाहावं. ज्यांना १६ बाय २० भिंतीवर लावायचा आहे, त्यांनी १२० घ्यावं. चार बाय पाच घ्यावं ते राइज आणि टिल्टसाठी.

जुना कॅमेरा घेताना बेलोज पूर्ण ताणून अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा आणि कोपऱ्यांच्या घड्या बाहेरून पाहा. सुईच्या टोकाएवढी भोकं तिथेच पडतात. लेन्स उजेडासमोर तिरकी धरून बुरशीचे धागे शोधा. मग शटर एक सेकंदावर ठेवून फोनवर त्याचा आवाज रेकॉर्ड करा, आणि उघडण्या-मिटण्याच्या दोन खटक्यांमधलं अंतर मोजा. आतलं वंगण सुकलं असेल तर एकाचे दीड सेकंद होतात, म्हणजे अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त उजेड. तसं आढळलं तर किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च धरा, आणि ती होईपर्यंत प्रत्येक स्लो स्पीडची खरी वेळ कागदावर लिहून लेन्सबोर्डाच्या, म्हणजे लेन्स बसवलेल्या फळीच्या, मागे चिकटवा.