वाणाच्या पिशवीवरचा पतंग

(पडद्यावर: दांडिया बाजारातली गल्ली. दोन खांबांमध्ये ताणलेला गुलाबी मांजा. वर पतंगांनी भरलेलं आकाश.)

बडोद्यात १४ जानेवारीला एकाच घरात दोन सण चालतात. गच्चीवर उत्तरायण, खाली दिवाणखान्यात संक्रांत. वर 'काप्यो छे'च्या आरोळ्या, स्पीकरवरची गाणी, उंधियू आणि जिलेबी. खाली हळदीकुंकू, तिळगूळ, आणि घरातल्या बाईला डिसेंबरपासूनच छळणारा प्रश्न: यंदा वाण काय लुटायचं?

स्टीलच्या वाट्या देऊन झाल्या. प्लास्टिकचे डबे झाले, चहाच्या गाळण्याही झाल्या. घेणारीच्या घरीही त्यांची चळत लागलेलीच असते. म्हणून या घरात यंदा कापडी पिशव्या द्यायचं ठरलंय, आणि पिशवीवरचं चित्र घरीच छापायचं. मावशींनी नोकरीची सगळी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मदतीला त्यांची भाची आहे. ती फार्मसी शिकते आणि, तिच्याच शब्दांत, तिला 'डोंगर, सूर्य आणि नदी सोडून काही काढता येत नाही'.

ठसा करायला तेवढं पुरतं. चित्रकार एक पिशवी सुंदर रंगवेल. पण तीसचाळीस बायकांना तेच चित्र द्यायचं, कुणाला उणं वाटू द्यायचं नाही, आणि तेही आठवड्याभरात, तर हातात ठसाच हवा. आपल्याकडे हे आधीपासून चालतंच. दिवाळीत तांदळाच्या पिठात मुठीची कड बुडवून उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं उमटवतात, बोटांची टोकं टेकवली की पावलाची बोटं होतात. वेगळं साहित्य लागतच नाही.

(पडद्यावर: लक्ष्मी विलास राजवाड्याचा दर्शनी भाग.)

एकच चित्र खूप घरांत पोचवायचं, या कल्पनेशी बडोद्याचं नातं जुनं आहे. तिसऱ्या सयाजीरावांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करवून घेतली. बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले, यांनी त्याआधीच रविवर्मांना सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपला पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्याव्यात. मागणारे पुष्कळ आणि हात एकच, ही त्यामागची अडचण. पुढे रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. दगडावर चित्र, एकेका रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर नेमका बसायला हवा. राजवाड्यातली मूळ चित्रं पाहायला तिकीट काढावं लागतं. लक्ष्मी आणि सरस्वती मात्र छापील कागदावरून तुमच्याआमच्या आज्यांच्या देवघरात येऊन बसल्या.

त्याच सुमारास, १८९० मध्ये, बडोद्यात कलाभवन सुरू झालं. कापड रंगवणं आणि छापणं हे तिथल्या शिक्षणातले महत्त्वाचे विषय होते. तिथे शिकायला आलेल्यांत एक दादासाहेब फाळके. सिनेमा काढण्याआधी कितीतरी वर्षं त्यांचे हात फोटो, ब्लॉक आणि छपाईच्या शाईत होते. ही गोष्ट बडोदेकर जरा अभिमानानंच सांगतात, आणि सांगावीच.

(पडद्यावर: जेवणाचं टेबल. वर्तमानपत्र, बटर पेपर, पेन्सिल, पांढरा खोडरबर, पेपर कटर.)

टेबलावरचं साहित्य कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातलं. खोडरबर मोठा, पांढरा, प्लास्टिकचा घ्यायचा, पुसताना ज्याचा भुगा लांब वळकट्यांत निघतो तो. जुना, कडक झालेला रबर कोरताना तुकड्यांनी तुटतो.

पहिलं चित्र पतंगाचं, आणि त्याला कारण आहे. पतंग म्हणजे सरळ कडांचा चौकोन, एका टोकावर उभा. मधे एक उभी काडी, एक वाकडी कमान आणि खाली शेपटीचा छोटा त्रिकोण. नवख्या हाताला अवघड अशी एकच वळणदार रेषा, ती कमानीची.

बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं, चार-बी किंवा सहा-बी, पतंग गडद काढायचा. कागद पालथा करून रबरावर ठेवायचा आणि नखानं घासायचा. शिसं रबरावर उतरतं, चित्र उलटं होतं. छापताना पुन्हा उलटं होऊन सरळ येतं. पतंगाला डावं-उजवं नसतं, त्याला याचं काही नाही. अक्षरांना असतं. भाचीनं 'तिळगूळ घ्या' थेट रबरावर लिहायला घेतलं, तेव्हा मावशींनी तिचा हात धरला.

'अगं, आरशात वाचायचंय का बायकांनी?'

देवनागरी कोरणाऱ्याला एक सोय आयती मिळते. वरची शिरोरेषा सगळी अक्षरं धरून ठेवते, त्यामुळे कोरताना एखादं बारीक अक्षर एकटं पडून तुटत नाही. त्रास होतो तो पोटातल्या पोकळ्यांचा. 'ळ'ची दोन गोळं, 'घ'चा आतला कोपरा, इथे ब्लेडचं टोक फिरायला जागाच नसते. त्यावर मावशींचा उपाय साधा: अक्षरं उठावाची ठेवायचीच नाहीत, रेषाच खोदायच्या. मग रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं येतात आणि काम निम्म्यावर येतं.

(पडद्यावर: अगदी जवळून. ब्लेडचं टोक, रबर, अंगठा.)

आता हात बघा. ब्लेड उभं नाही, त्याचं टोक रेषेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं आहे. त्यामुळे ठशाची रेषा वर बारीक आणि तळाशी रुंद राहते. टोक आतल्या बाजूला, रेषेखाली गेलं तर रेषेखालचा आधारच कापला जातो, आणि चारपाच छापांनंतर ती रेषा वाकते, मग सुटून येते. कमानीच्या वळणावर मावशींचा उजवा हात जागचा हलत नाही. डावा हात रबर फिरवतो. वळण गुळगुळीत यायचं तर ब्लेड स्थिर आणि रबर फिरता. शिवणयंत्रावर गोल कॉलर शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

एकदम खोल जायचं नाही. आधी कडेनं एक उथळ काप, मग बाजूनं तिरका काप, मधली रबराची बारीक सळी अलगद उचलून काढायची. नको असलेला भाग दोनतीन मिलिमीटर खाली गेला की पुरे. कोरणाऱ्या हाताच्या पुढे दुसरं बोट कधीही नाही. हा नियम मात्र मावशी पहिल्या दिवशी सांगतात आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा सांगतात.

(पडद्यावर: फोम शीट, बाटलीची झाकणं, बटाटा, भेंड्या.)

ज्यांना ब्लेड नको, लहान मुलं विशेषतः, त्यांच्यासाठी फोम शीट. कात्रीनं कापली, गोंदानं बाटलीच्या झाकणावर चिकटवली, ठसा तयार. बटाटा सगळ्यांना माहीत आहे. कापल्यावर पुसून कोरडा केला नाही तर रंगात पाणी उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी तो टाकूनच द्यावा लागतो. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतंच. देठाकडून टोकाकडे प्रत्येक चकतीचं फूल लहान होत जातं, म्हणजे एका भेंडीत पाचसहा मापांचे ठसे. चिकटपणा जायला कापलेलं टोक थोडा वेळ वर्तमानपत्रावर उभं ठेवायचं. पिशवीच्या कडेची नक्षी मावशींनी भेंडीनंच करायची ठरवली, आणि उरलेल्या भेंड्यांची संध्याकाळी भाजी.

(पडद्यावर: करडी लिनोची लादी. लिनो कटर.)

हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची चिठ्ठी जरा मोठी, म्हणून तिच्यासाठी लिनो. जवसाचं तेल, बुचाचा भुगा वगैरे एकत्र करून तागाच्या कापडावर थापलेला हा पदार्थ. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात तो काढला तो जमिनीवर अंथरायला. चित्रकारांनी पुढे त्यावर कोरकाम केलं. थंडीत लिनो कडक होतो. बडोद्याची थंडी काही फार नाही, तरी मावशी तो अर्धा तास उन्हात ठेवतात. कोमट लिनोत कटर सरकन जातो, थंड लिनोत घसरतो. घसरला की बोट जातं.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी इथून रिक्षाच्या अंतरावर आहे. १९५० मध्ये ती सुरू झाली. चित्रकला विभाग उभा करणारे नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे. पहिल्या काळातल्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट पुढे तिथेच शिकवू लागले आणि देशातल्या नावाजलेल्या छापाचित्रकारांत गणले गेले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छापांत मोर, पोपट, देवी आणि गुजराती अक्षरं दिसतात. खेडोपाडी फिरून त्यांनी भिंतींवरच्या आणि अंगणातल्या नक्षींचे हजारो फोटोही काढले. फॅकल्टीतल्या छापयंत्राचे रूळ फिरवायला अंगात जोर लागतो. आपल्या टेबलावर ते यंत्र म्हणजे भाताचा लाकडी चमचा.

(पडद्यावर: काचेवर शाई, छोटा रबरी रोलर.)

बहुतेकांचं काम बिघडतं ते इथे. शाई जास्त घेतली जाते. काचेवर शाई पातळ पसरायची, रोलर आडवा, मग उभा. आणि कान द्यायचा. शाई जास्त असेल तर रोलर ओलसर, पचपच असा आवाज करतो. नेमकी असेल तर बारीक, कोरडा, सळसळता आवाज येतो, आणि काचेवरची शाई मखमली दिसते. भाचीला हे ऐकू यायला वेळ लागला. वरून स्पीकर चालू होता.

लिनोवर एकाच वेळी भरपूर शाई फासण्यापेक्षा दोनतीन पातळ हात चांगले. मग त्यावर कागद ठेवायचा, तळव्यानं बसवायचा, आणि चमच्याची पाठ मधून कडेकडे गोल गोल फिरवायची. एक कोपरा दाबून ठेवून दुसरा उचलून बघायचा. फिकं दिसलं तर कागद पुन्हा खाली सोडून तिथेच घासायचं. पूर्ण उचललेला कागद मात्र परत जागेवर बसत नाही, दुहेरी रेष येते.

पहिलीदुसरी प्रत नेहमी मिळमिळीत निघते. कोऱ्या ठशानं अजून शाई पुरती धरलेली नसते. या प्रती फेकू नका. कुठे जादा कोरायचं राहिलंय, कुठला उंच राहिलेला कचरा शाई उचलतोय, हे त्यांतच दिसतं. चित्रकार छापाखाली पेन्सिलीनं ३/१० असं लिहितात: दहा प्रतींतली तिसरी. वाणाला आकडे घालायचे नसतात.

(पडद्यावर: गोधडी, त्यावर चादर, त्यावर कोरी पिशवी.)

कापडाला टणक टेबल चालत नाही. खाली गोधडी, वर जुनी सुती चादर. दाब दिला की ठसा किंचित रुततो आणि विणीच्या खोबणीतही रंग जातो. पिशव्या आधी धुऊन खळ काढलेल्या, इस्त्री केलेल्या. पिशवीच्या आत पुठ्ठा, नाहीतर पतंग मागच्या बाजूलाही उडतो. कापडाचा रंग घट्ट, दह्यापेक्षा पातळ नको, आणि ठसा रंगात बुडवायचा नाही. स्पंजनं टिपून टिपून लावायचा.

हे सगळं छिप्यांकडून, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिरांकडून, आलेलं शहाणपण आहे. गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यातल्या पेथापूरला सागवानी ठसे कोरणारे कारागीर आहेत. ठसा वापरण्याआधी तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. नक्षी भरगच्च असेल तर हवा निघून जायला आरपार भोकं पाडतात, नाहीतर मधे फुगा धरून रंगाचा डाग पडतो. मूठ वर धरायची, ठसा सरळ खाली, वरून एक ठोका, आणि सरळ वर. तिरका उचलला की कड फिसकटते. खोडरबराच्या पतंगालाही हाच नियम, फक्त ठोक्याऐवजी अंगठ्यांचा दाब.

भाचीचा हात बसला तो साताठ पिशव्यांनंतर. तोवरचे पतंग काही डावीकडे जड, काहींची कमान अर्धीच. मावशी म्हणतात, आकाशात तरी सगळे सारखे असतात का. तरी त्या वाकड्या पिशव्या त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवल्या. नात्यातल्या बायकांना त्या द्यायच्या, बाहेरच्यांना सरळ. हा हिशेब फक्त घरच्यांना कळतो.

छापलेल्या पिशव्या दोरीवर एक दिवस. मग उलट्या बाजूनं कोरडी इस्त्री, वाफ बंद करून, म्हणजे रंग पक्का होतो. त्यानंतरही दोनतीन दिवस पाणी नाही, आणि पहिली धुलाई गार पाण्यात, एकटी. मावशींनी ही सूचनाही चिठ्ठीच्या मागे छापायला घेतली होती, पण एवढी अक्षरं कोरायला भाचीनं साफ नकार दिला. ती पेनानंच लिहिली.

शेजारच्या गुजराती भाभी जिन्यावरून दोनदा डोकावून गेल्या. त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं आहेच, पण थांबवत नाही. एक पिशवी आत्ताच हवी, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. पतंगाची नको, पतंग त्यांच्या गच्चीवर पुष्कळ आहेत. त्यांना नुसत्या भेंडीच्या फुलांची हवी आहे, आणि हिरव्या रंगात.