कंबश्चनच्या आधी

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधल्या फायर मेजबद्दल, म्हणजे आगीचे मंत्र वापरणाऱ्या जादूगाराबद्दल, एक पक्का समज आहे: बटणं दाबत सुटायचं, क्रिट (जास्त जोराचे घाव) लागले तर समोरचा मेला, नाही लागले तर आपण मेलो. मला हे अजिबात मान्य नाही. अरीनात, म्हणजे खेळाडूंच्या संघांच्या आमनेसामनेच्या लढतीत, चांगला फायर मेज खेळताना नीट बघा. त्याचा बराचसा वेळ आग लावण्यात जातच नाही. समोरच्याकडची उत्तरं एकेक करून काढून घेण्यात जातो. मी आज त्याच वेळेबद्दल बोलणार आहे.

मूळ गणित तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थोडक्यात. लागोपाठ दोन क्रिट बसले की हॉट स्ट्रीक मिळते आणि पुढचा पायरोब्लास्ट (आगीचा मोठा मंत्र) कास्ट न करता, म्हणजे मंत्र म्हणण्यात वेळ न घालवता, लगेच सुटतो. दुसरा क्रिट हुकला की परत पहिल्यापासून. म्हणून फायर ब्लास्ट हा मंत्र जपून ठेवायचा. तो हमखास क्रिट होतो, आणि दुसरा कास्ट चालू असतानाही दाबता येतो. त्यावर कंबश्चन (थोडा वेळ टिकणारी खास ताकद) घेतलं की दहा-बारा सेकंद आपल्या आगीचा प्रत्येक घाव क्रिट, आणि पुन्हा मिळायला साधारण दोन मिनिटं. म्हणजे सगळा डाव त्या दहा-बारा सेकंदांवर. पण हे समोरच्यालाही तितकंच ठाऊक असतं!

समोर रोग (Rogue, लपून वार करणारा लढवय्या) आहे असं धरा. तुम्ही कंबश्चन घेतलं, त्याने क्लोक ऑफ शॅडोज दाबला. पाच सेकंद त्याला कुठलाच मंत्र लागत नाही. जवळजवळ निम्मं कंबश्चन हवेत गेलं. मग तो क्लोक आधीच कसा काढून घ्यायचा? हॉट स्ट्रीक हातात ठेवायची, साथीदाराने स्टन करून त्याला जखडलेलं असताना एक पायरोब्लास्ट घालायचा, त्याचं रक्त निम्म्यावर आणायचं आणि थांबायचं. तो घाबरून क्लोक दाबेल. तुमचं कंबश्चन अजून तुमच्याकडेच आहे. हे थांबणं फार अवघड जातं, कारण हात शिवशिवत असतात.

आता इंटरप्ट, म्हणजे चालू मंत्र मध्येच तोडणं. मला मेजच्या खेळातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. किक (रोगचा इंटरप्ट) बसली की ज्या शाळेचा, म्हणजे आग, आर्केन अशा ज्या प्रकारचा, मंत्र चालू होता तेवढीच शाळा बंद पडते. स्कॉर्च या आगीच्या मंत्रावर किक खाल्ली तर आग बंद, आणि तयार असलेला पायरोब्लास्टही सुटत नाही. पण समोरच्याला मेंढी करणारा पॉलिमॉर्फ आर्केनचा मंत्र आहे. त्यामुळे कंबश्चनच्या जरा आधी समोरच्या हीलरवर (साथीदारांच्या जखमा भरणाऱ्यावर) पॉलिमॉर्फ सुरू करायचा. रोगने किक मारली तर आर्केन बंद झालं, आग मोकळी, आणि त्याची किक पंधरा सेकंद परत येत नाही. नाही मारली तर हीलर मेंढी झाला. दोन्हीकडून फायदा आपलाच. लोक फेक कास्ट म्हणजे कास्ट अर्धा सोडायचा एवढंच शिकतात. कुठल्या शाळेचा कास्ट दाखवायचा, याचा विचार फार थोडे करतात.

मेंढीचं एक दुखणं मात्र आहे. घाव बसला की पॉलिमॉर्फ सुटतो, आणि आपला इग्नाइट, म्हणजे घावानंतर जळत राहणारी आग, शेजारच्यांवर पसरतो. हीलर आपल्या टार्गेटला चिकटून उभा असेल तर आपणच त्याला सोडवतो. लागोपाठ केलेला पॉलिमॉर्फ दर वेळी कमी टिकतो, ते नुकसान वेगळंच. तेव्हा मेंढी करायची ती हीलर लांब असताना, खांबाआड असेल तर उत्तम.

आणि कंबश्चन संपलं, समोरचा जिवंत राहिला, तर? तर लगेच मागे फिरा. नाग्रांडच्या अरीनात चार खांब आहेत, ते वापरा. समोरच्या हीलरच्या नजरेआड राहा, ब्लिंक (क्षणात पुढे जाण्याचा मंत्र) धावण्यात उधळू नका, आइस ब्लॉक (स्वतःभोवतीचं बर्फाचं कवच) अगदी शेवटी. या दोन मिनिटांत तुमचं काम एकच: त्याची ट्रिंकेट (स्टन किंवा मेंढीतून सुटण्याची वस्तू) कधी गेली, क्लोक कधी गेला, किक कधी गेली हे मोठ्याने साथीदाराला सांगत राहायचं, म्हणजे पुढचं कंबश्चन कधी घ्यायचं हे दोघांनाही आधीच ठाऊक असेल.