घडीचा कीबोर्ड, पाम आणि परीक्षेचं पॅड

नमस्कार मंडळी. लातूरहून बोलतोय.

हे काय आहे, ओळखा बरं. (हातातली काळी डबी कॅमेऱ्याजवळ) काल गल्लीतल्या पोरांना दाखवली. एक म्हणालं पॉवर बँक, दुसरं म्हणालं चष्म्याचं घर. तिसरं जरा शहाणं, त्यानं हातात घेऊन हलवून बघितली आणि म्हणालं, "काका, आत काहीतरी खुळखुळायलंय."

आता बघा. ही पहिली घडी उघडली. ही दुसरी. भात्यासारखं उलगडत जातं. चार तुकडे, मधे तीन बिजागऱ्या. अजून काम झालेलं नाही, तुकड्यांमधे फटी दिसतात ना? दोन्ही टोकं धरायची आणि आत दाबायची. खट्ट. झाला कीबोर्ड. आणि हा बारक्या पोरांच्या खेळण्यातला नाही, प्रत्येक बटण १९ मिलिमीटरच्या अंतरावर, म्हणजे ऑफिसातल्या टेबलावरच्या कीबोर्डइतकंच. खिशात मावणाऱ्या वस्तूत हे कसं बसवलं, याचं मला २० वर्षांनंतरही नवल वाटतं.

याचं नाव स्टोअवे. थिंक आउटसाइड नावाच्या अमेरिकन कंपनीनं बनवलेला. आणि हा ज्याच्यासाठी बनवला तो हा गडी. पाम थ्री-एक्स-ई, म्हणजे तळहातावर मावणारा बारका कॉम्प्युटर. सन २००० चा. ८ एमबी मेमरी. एमबी म्हणतोय मी, जीबी नाही. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, काळा-करडा. रिमोटमधे घालतो ते बारके सेल, दोन. चार्जर नाही, वायर नाही.

मी तेव्हा एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा औषध कंपनीचा माणूस. कंपनीचं नाव जाऊ द्या. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई, परळी असा सगळा पट्टा. खांद्याला डिटेलिंग बॅग, लाल डबा आणि रात्री लॉजवर बसून डीसीआर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिवसभरात किती डॉक्टर भेटले, काय बोलले, कुठल्या केमिस्टकडं माल किती उरलाय, हे रोज लिहून द्यायचं, त्याला डीसीआर म्हणतात. २००१ ला चुलतभाऊ अमेरिकेहून आला, त्यानं पाम आणि हा कीबोर्ड दोन्ही आणून दिलं. घरचे म्हणाले, सोन्याची साखळी आणली असती तर बरं झालं असतं.

पाममधे लिहायचं कसं, ते आधी बघू. कीबोर्डची किंमत त्याशिवाय कळत नाही.

खाली हा चौकोन दिसतोय का? इथं काडीनं एकेक अक्षर काढायचं. पण आपण काढतो तसं नाही. याची स्वतःची बाराखडी, ग्राफिटी नाव तिचं. 'ए' काढायचा म्हणजे नुसतं छप्पर काढायचं, मधली आडवी रेघ नाही. 'एफ' म्हणजे वर उजवीकडनं डावीकडं यायचं आणि सरळ खाली उतरायचं. 'टी' त्याच्या उलट, डावीकडनं उजवीकडं जाऊन खाली. बहुतेक सगळी अक्षरं एका फटक्यात, काडी न उचलता. म्हणजे मशीनला माणसाचं अक्षर शिकवत बसण्यापेक्षा माणसालाच मशीनचं अक्षर शिकवलं. आणि गंमत म्हणजे माणसं शिकली. मला चार दिवस लागले. पुढं पुढं तर मी डायरीत पेनानंसुद्धा 'ए' ची आडवी रेघ द्यायला विसरायलो. कंपाउंडर मामा म्हणायचे, "साहेब, तुमचं अक्षर आता डॉक्टरासारखं व्हायलंय."

पुढं या ग्राफिटीवरनं झेरॉक्स कंपनीनं १९९७ ला कोर्टात दावा लावला, आमच्या पद्धतीवरनं उचललंय म्हणून. ते प्रकरण लांबत गेलं आणि २००३ ला पामनं लिपीच बदलली. आणि कोर्टाचंच निघालं म्हणून सांगतो, सुरुवातीला याचं नाव पायलट होतं. आपल्याकडं मिळतो ना पायलट पेन, त्या पेनवाल्यांनी हरकत घेतली, म्हणून नुसतं पाम राहिलं.

तर ग्राफिटीनं फोन नंबर, पत्ता, "बुधवारी डॉक्टर नसतात" एवढं लिहायला काही अडचण नाही. पण १८ डॉक्टरांचा डीसीआर? नववा डॉक्टर येईपर्यंत मनगट म्हणतं, पुरे. मग काय होतं, माणूस कमी लिहितो. "भेटलो. ठीक." संपलं. कीबोर्ड आल्यावर माझा वेग वाढला तो वाढलाच, पण मी पूर्ण वाक्यं लिहायला लागलो. कुठला डॉक्टर कशावरनं चिडला, कुणाचं पोरगं बारावीला आहे. हे पुढच्या भेटीला कामाला येतं, आणि ते काडीनं कधीच लिहून झालं नसतं.

आता जोडणी. ज्यांच्या कपाटात असं काही पडलंय त्यांनी नीट ऐका.

मधनं हा तुकडा बाहेर ओढायचा. पामची खालची खाच यावर बसते. जोर लावायचा नाही, सरळ वरनं खाली. मागं हा पाय, त्याला पाम टेकतो. कीबोर्डला स्वतःचे सेल नाहीत, पामकडनंच थोडी वीज घेतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठलाही कीबोर्ड कुठल्याही पामला बसत नाही. थ्री मालिकेची खाच वेगळी, पाम फाइव्हची वेगळी, २००१ ला एम-५०० आला त्याची आणखी वेगळी. हँडस्प्रिंगचा व्हायझर म्हणून एक होता, त्याची अजून चौथी. जुन्या बाजारात घ्यायला गेलात तर पाम सोबत न्या, बसवून बघा, मग पैसे द्या. विकणारा "सगळ्याला चालतंय" म्हणणारच.

बसवला म्हणजे लगेच चालतो असंही नाही. ड्रायव्हर लागतो, म्हणजे कीबोर्डचं म्हणणं पामला समजावणारं छोटं सॉफ्टवेअर. तो कॉम्प्युटरवरनं हॉटसिंक करून, म्हणजे पाम कॉम्प्युटरला जोडून दोन्हीकडचं सारखं करून, पाममधे घालायचा. आणि इथंच माझी एकदा फजिती झाली.

या पाममधली मेमरी सेलच्या जीवावर जिवंत असते. सेल मेले की आतलं सगळं पुसलं जातं. सेल बदलायला साधारण एक मिनिट मिळतं, तेवढा वेळ आतला कपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज साठवणारा भाग, दम धरतो. मी दिवाळीला घरी आलो, पाम कपाटात टाकला, सेल आधीच निम्मे झालेले. सुट्टी संपली, थेट उदगीरची गाडी धरली. लॉजवर पाम चालू केला तर म्हणतो, पडद्याच्या या कोपऱ्यात काडी टेकवा, मग त्या कोपऱ्यात टेकवा. नवीन विकत आणल्यावर विचारतो ते. डॉक्टरांची यादी गेली, त्यांचे सुट्टीचे वार गेले, दीड महिन्याच्या नोंदी गेल्या. आणि ड्रायव्हरपण गेला! तोही त्याच मेमरीत ना. म्हणजे समोर एवढा छान कीबोर्ड उघडून ठेवलाय आणि एक अक्षर उमटत नाही. कॉम्प्युटर लातूरला, स्टॉकिस्टच्या, म्हणजे औषधांच्या ठोक विक्रेत्याच्या दुकानात. चार दिवस परत आपलं काडीनं छप्पर काढत बसलो. चूक पामची नव्हती, माझी होती. दीड महिना हॉटसिंक केलं नव्हतं.

अजून एक मर्यादा सांगतो. इथल्या मेमोमधे एका नोंदीत साधारण ४,००० अक्षरं मावतात. हातानं लिहिताना हे कधी कळतसुद्धा नाही, कोण लिहितंय एवढं! कीबोर्ड आला की आठवड्यातनं एकदा तरी भिंतीला डोकं आपटतं. मग मी रोजची वेगळी नोंद करायचो आणि पहिल्या ओळीत तारीख टाकायचो, कारण यादीत पहिली ओळच दिसते. सन, महिना, दिवस या क्रमानं टाका, मग अक्षरवारीनं लावलं की आपोआप तारखेवार लागतं.

आता ती तिसरी वस्तू. (मांडीवरनं वर उचलून) परीक्षेचं पॅड. दहावीला पेपर लिहायला नेतो ते, क्लिपवालं.

जाहिरातीत हा कीबोर्ड दिसायचा तो विमानात, समोर तो ट्रे उघडलेला. आमचं विमान म्हणजे लातूर-नांदेड एसटी. मांडीवर हा कीबोर्ड ठेवून बघा. (ठेवतो) तीन बिजागऱ्या आहेत, खाली आधार नाही, मधनं असा दबतो. पाम मागं कलंडतो. अहमदपूरच्या आधी एक खड्डा असा आला की पाम थेट शेजारच्या म्हातारीच्या ओटीत. ती माउली म्हणाली, "घे रं बाबा तुझा मोबाईल, माझ्या डब्यात काला होईल त्याचा."

उघड्या कीबोर्डला घट्ट, सपाट जागा लागते, आणि फिरतीवरच्या माणसाकडं नेमकी तीच नसते. लॉजवर टेबल असायचं, तर एक पाय डुगडुगता. दवाखान्यात बाकडं. हॉटेलात टेबल मिळायचं, पण मुरमुऱ्याचा सुशीला खाऊन झाला की पोरगं फडकं मारायला हजर, उठा म्हणून सांगायचं तेवढं बाकी. मी काय काय करून बघितलं! डिटेलिंग बॅग आडवी, तर ती मऊ. सॅम्पलचं खोकं, तर ते उंच पडतं, खांदे भरून येतात. शेवटी स्टेशनरीच्या दुकानात भाचीसाठी पॅड घ्यायला गेलो आणि डोक्यात प्रकाश पडला. कीबोर्ड उघडून साधारण ३५ सेंटिमीटर होतो. पॅड आडवं धरलं की जवळजवळ तेवढंच. दोन्ही कडांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापून अडकवले, म्हणजे हलत नाही. बघा आता. (मांडीवर पॅड, पॅडवर कीबोर्ड, टाइप करतो) हलला का? चालत्या एसटीत मात्र तरीही जमत नाही, ते नाव काढू नका. उभ्या गाडीत, स्टँडच्या बाकड्यावर, झाडाखाली, पारावर, सगळीकडं चालतो.

लोडशेडिंगच्या दिवसांत तर याची खरी मजा. अख्खा गाव अंधारात, कॉम्प्युटर बंद, आणि मी गच्चीवर कंदिलाशेजारी खटखट करत बसलेला. पामच्या पडद्याला दिवा आहे, पण तो सेल खातो, म्हणून कंदील. सेल आठवडेच्या आठवडे जायचे.

मराठीचं काय, हे तुम्ही विचारणारच. याच्यात देवनागरी नव्हती. एका अक्षराला एक बाइट, सगळा हिशेब इंग्रजी आणि युरोपातल्या भाषांचा. काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरं, हे त्याला जमत नव्हतं. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. आज त्या नोंदी उघडल्या तर काल कुठलं, काळ कुठला आणि कल कुठला, मलाच लागत नाही. एका डॉक्टरापुढं लिहिलंय, ते "मान हलवली" आहे का "मन हलवलं", अजून ठरलं नाही.

हे सगळं आज कशाला, तर हाच खेळ आता फोनवर करता येतो. घडीचे ब्लूटूथ कीबोर्ड मिळतात. घरचा वायरवाला कीबोर्डसुद्धा ओटीजीच्या पिनेनं, म्हणजे फोनला यूएसबी जोडायच्या बारक्या अडॅप्टरनं, अँड्रॉइड फोनला लागतो, आधी तो लावून बघा, सवय होते का ते कळेल. मराठीसाठी मात्र एक करा. कीबोर्ड जोडल्यावर सेटिंगमधे बाहेरच्या कीबोर्डचा पर्याय येतो, तिथं मराठी किंवा देवनागरी लेआउट मिळतो का बघा, आणि मगच नवीन घ्या. मिळाला तर इनस्क्रिप्ट शिका, म्हणजे देवनागरी बटणांची ठरलेली मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून ख. एल वर त, शिफ्ट धरून थ. एच वर प, शिफ्ट धरून फ. ग्राफिटीसारखंच आहे, चार दिवस शिव्या द्यायच्या, पाचव्या दिवशी बोटं आपली आपण जातात. आणि घडीचा घेतलात तर बिजागरी मधे दबते का, दुकानातच मांडीवर ठेवून बघा. दबत असेल तर पॅडचे पैसे धरून भाव करा.

बरं, आवरतो. कीबोर्ड मिटताना उलटं करायचं. आधी पाम वर उचलायचा, मग टोकं बाहेर ओढायची, मग घड्या. तसाच दाबून मिटवलात तर बिजागरी जाते.

पाममधल्या नोंदी काल लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. जुनी सिरीयल पिन आहे, तिला यूएसबीचा अडॅप्टर लावला, आणि लिनक्सवर जे-पायलट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यानं काढल्या. सगळ्या आल्या. आता हा परत कपाटात जाणार, आणि सेल आत ठेवून कपाटात टाकला तर सेल गळतात, पत्रे गंजतात. म्हणून हे मागचं झाकण, हे दोन सेल बाहेर.

घड्याळ लावतो. (मोबाईल टेबलावर) एक मिनिट.

काही दिसणार नाही तसं, पडदा बंदच आहे. पण आत आता सगळे डॉक्टर एकेक करून चाललेत.