गुरांची जागा कुणी खाल्ली?

ही जी गर्दी बघताय ती चर्नी रोड स्टेशनची, ऑफिस सुटायच्या वेळची. इथून ठाकूरद्वारच्या बाजूला एकेकाळी गुरं चरायची, खरंच. झालं असं की कंपनी सरकारनं कॅम्प मैदानावर, म्हणजे आताच्या आझाद मैदानावर, चराईची फी लावली, आणि ज्याच्या दारात दोनचार गुरं त्याला ती कुठून परवडणार, मग जमशेटजी जीजीभाई या पारशी व्यापाऱ्यानं पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळ समुद्राकाठची गवताळ जमीन घेतली आणि गुरं फुकट चरू दिली. स्टेशनला नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. म्हणजे बघा, आधी जे सगळ्यांचंच होतं ते परत मिळवायला एका शेठजींना पैसे मोजावे लागले.

आता आलो आरेत. शहरातले म्हशींचे तबेले हलवून १९४९ मध्ये ही कॉलनी सुरू केली. हा भारा उतरवतायत ना, ते पॅरा गवत. म्हैस इथे चरायला जातच नाही, गवत कापून गव्हाणीत, वर पेंड, चुणी, भुसा, सगळं मोजून आणि सगळं विकतचं, पावसाळ्यात आजूबाजूला एवढं हिरवंगार असलं तरी! आरे काही गावाचं गायरान, म्हणजे गुरं चारायला राखलेली सामायिक जमीन, नव्हे, सरकारी डेअरीची जागा, पण तिचेही तुकडे पडलेच, मेट्रो ३ ची कारशेड तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. म्हैस आटली की काही मालक तिला गावाकडे पाठवायचे, फुकटात पोसायला.

गावाकडे मात्र गायरानच राहिलं नाही, की वैरण विकत, गुरं बाजारात, शेणखत बंद, बैल गेला, मग भाड्याचा ट्रॅक्टर आणि युरियाच्या गोण्या.

आणि हे सगळं कायदा असताना होतंय. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं, आपल्या महसूल संहितेत तर कलम २२अ आहे, गायरान दुसऱ्या वापराला देऊ नये म्हणून. पण त्यात अपवाद ठेवलेत, त्यातला एक सार्वजनिक प्रकल्पाचा, दुसरी सरकारी जमीन मिळत नसेल तर. हे गायरानावर निळे पॅनल दिसतायत ते सौर कृषी वाहिनी या सरकारी योजनेचे, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून, आणि ती पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण प्रकल्प उभा करणारी कंपनी खाजगी, आणि जमीन गुरांची. पडीकच तर होती, असं साहेब म्हणतात. गुरं चरतात त्या जमिनीला पडीक म्हणायचं कुणी ठरवलं, हे ग्रामसभेत विचारायला पाहिजे.