ब्लेड हाती घेतल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

हौसेने गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांच्या बॅगेत जे आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या) असतात, ते कॅव्हिटी बॅक. पाठीमागून पोखरलेले, आणि तिथून वाचवलेलं वजन कडांना दिलेलं. खांद्यावर कावड असलेला माणूस गर्रकन वळू शकत नाही, कारण ओझं दोन्ही टोकांना असतं, इथेही तेच. चेंडू मधोमध न लागता डोक्याच्या पुढच्या टोकाकडे (टो) किंवा दांड्याजवळच्या बाजूकडे (हील) लागला, तरी क्लबचं डोकं फारसं पिळवटत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो. हे तत्त्व रुजवण्यात कार्स्टन सोल्हाइम यांचा वाटा फार मोठा. नॉर्वेत जन्मलेले, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे हे अभियंते. १९५९ मध्ये त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये पटर (चेंडू भोकाकडे हळूच ढकलायचे क्लब) बनवायला सुरुवात केली, त्यातून पिंग ही कंपनी उभी राहिली, आणि कडांना वजन देण्याचा विचार पुढे आयर्नमध्येही आला. माझ्यासारख्या कितीतरी हौशी खेळाडूंचे रविवार त्यांच्यामुळे आनंदात गेले आहेत.

तरीही मी ब्लेड, म्हणजे न पोखरलेल्या, भरीव पाठीचे आयर्न घेतले. माझा हँडिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) बराच काळ एका जागी अडकला होता. सात नंबरच्या आयर्नने (नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जातो) मारलेला चेंडू कधी ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतालच्या हिरवळीच्या मध्यावर पडायचा, कधी अलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, आणि हाताला मात्र दोन्ही शॉट सारखेच लागायचे. कुठे काय बिनसतंय हे कळल्याशिवाय सराव तरी कशाचा करणार?

ब्लेड म्हणजे मऊ कार्बन स्टीलचा तुकडा तापवून, ठोकून घडवलेला क्लब. मिझुनो या कंपनीचे असे आयर्न जपानमधल्या हिरोशिमात घडतात. डोकं लहान, तळ अरुंद, वरची कड बारीक आणि वजन मधल्या भागाच्या मागे एकवटलेलं. चेंडू नेमका तिथे लागला तर हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही, नुसता एक भरीव, दबका आवाज येतो. बोटभर बाहेर लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या, आणि थंडीतल्या सकाळी तर विचारूच नका. चेंडू आणि क्लब एकमेकांना लागून असतात तो वेळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. म्हणजे हाताला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. ती जाणीव त्या शॉटच्या काही कामाची नाही. तिचा उपयोग पुढच्या शॉटला.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मी एक साधी गोष्ट करतो. चेंडूवर पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने मोठा ठिपका काढायचा, तो क्लबच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवून मारायचा. शाईचा डाग क्लबवर उमटतो. पहिल्या आठवड्यांत माझे डाग टो ते हील असे विखुरलेले असायचे, बहुतेक टोच्या बाजूला. हळूहळू कळलं की स्विंगमध्ये क्लब खाली येताना माझं वजन टाचांवर जातं आणि मी चेंडूपासून मागे ओढला जातो. जुने आयर्न हे सगळं निमूटपणे सांभाळून घेत होते. आता डाग बहुतांशी एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

अंतराबद्दल मात्र नीट समजून घ्या. हल्लीच्या सांभाळून घेणाऱ्या सात नंबरचा लॉफ्ट (क्लबचं तोंड मागे झुकलेलं असतं तो कोन) २८ ते ३० अंशांच्या आसपास असतो, ब्लेडच्या सात नंबरचा ३४-३५. आकडा तोच, पण चेंडू जवळजवळ एक क्लब कमी जातो. अनेक जण इथेच घाबरून जोर लावायला लागतात आणि होता तो स्विंगही घालवतात. जोर लावू नका, सहा घ्या. बदल्यात चेंडू उंच चढतो, त्याला फिरकी जास्त मिळते आणि ग्रीनवर तो थांबतो.

आमच्या कोर्सवरचे एक जुने कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे मदतनीस आहेत. मी शॉट मारतो तेव्हा ते बॅग आवरत असतात, वर बघतही नाहीत, आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, "हीलवर गेला, साहेब. डावीकडच्या झाडाखाली बघू." जुन्या आयर्नच्या वेळी त्यांना असं सांगता यायचं नाही.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. उन्हाळ्यात टणक जमिनीवर ब्लेडचा अरुंद तळ सुरेख चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत, तो भसकन रुततो; चेंडूच्या जरा आधी जमीन लागली की ढेकूळ पुढे आणि चेंडू तिथेच. आणि चार-पाच नंबरचे ब्लेड आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. लांबच्या शॉटला चेंडू हवेत उचलायला ज्या वेगाने क्लब फिरावा लागतो, तो आपल्यातल्या फार थोड्यांकडे असतो. पूर्ण संचाचाच हट्ट धरायचं कारण नाही. मी चार आणि पाच नंबर कॅव्हिटी बॅकचेच ठेवले आहेत, सातपासून पुढचे आठ, नऊ वगैरे ब्लेड.

सहा नंबरचं अजून ठरत नाही. नियमाने बॅगेत १४ च क्लब ठेवता येतात, त्यामुळे दोन्ही सहा बाळगणं मला परवडणारं नाही. पाऊस ओसरून जमीन वाळली की दोन्ही घेऊन रेंजवर उभा राहीन, मार्कर सोबत असेलच.

नमस्कार.