लकवा आणि त्यानंतरचे महिने : खान्देशातून

(दृश्य : सातपुड्याचा घाट उतरणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. खाली तापीकाठची शेते.)

लकवा मारलेल्या माणसाला रुग्णालयात आणल्यावर डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, "याला शेवटचे धडधाकट कोणी पाहिले, आणि किती वाजता?" खान्देशात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला गेलेला माणूस पहाटे बांधावर पडलेला सापडतो, आणि तो कधी पडला हे सांगायला जवळ कोणीच नसते. मेंदूतील रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने ही मर्यादा तीन तासांची ठरवली होती आणि २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत वाढवली. त्यातही आधी सीटी स्कॅन करावेच लागते, कारण गुठळी अडकली आहे की रक्तवाहिनी फुटली आहे, हे बाहेरून तपासून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि वाहिनी फुटलेल्या रुग्णाला हेच इंजेक्शन घातक ठरते.

तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर आधी घड्याळ पाहावे, वेळ लक्षात ठेवावी आणि जिथे सीटी स्कॅनची सोय आहे तिथेच रुग्णाला न्यावे. मालिशवाल्याकडे किंवा लकव्याचे औषध देणाऱ्या गावी जाण्यात गेलेली सकाळ परत मिळत नाही.

(दृश्य : अंगणात वाळत घातलेली बिबडी आणि पापड. शेजारी लोणच्याची बरणी.)

हा आजार कोणाला होतो, याचा एक मोठा अभ्यास ३२ देशांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील रुग्णही त्यात होते. रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, आहार, शारीरिक हालचाल, पोटाचा घेर, रक्तातील चरबी, हृदयाचे विकार, मद्यपान आणि मानसिक ताण या बदलता येण्याजोग्या दहा गोष्टींशी पक्षाघाताच्या सुमारे नव्वद टक्के धोक्याचा संबंध त्यात आढळला. एकट्या वाढलेल्या रक्तदाबाचा वाटा जवळजवळ निम्मा होता.

रक्तदाबाचा त्रास जाणवत नाही, हीच त्यातली अडचण आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. कापूस वेचणीच्या किंवा केळीच्या घडाच्या गडबडीत संपलेली पाकिटे पुन्हा आणली जात नाहीत. ज्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे हा दाब सोसतात, त्या आतून जाड आणि ठिसूळ होत जातात.

मिठाबाबत चीनच्या ग्रामीण भागात झालेली चाचणी आपल्या फार जवळची वाटते. सहाशे गावांतील सुमारे एकवीस हजार लोकांपैकी निम्म्या गावांतल्या लोकांना नेहमीचे मीठ आणि बाकीच्यांना पंचवीस टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ वापरायला दिले गेले. यातील बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेला होता, किंवा ते साठी ओलांडलेले असून त्यांचा रक्तदाब जास्त होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बदललेल्या मिठाच्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पण ज्या घरात उन्हाळ्यात वर्षभराची बिबडी, पापड आणि कुरडया होतात आणि प्रत्येक ताटात लोणचे असते, तिथे मिठाचा हिशेब केवळ भाजीपुरता करून चालत नाही, हे आम्हांला आवर्जून सांगावेसे वाटते.

(दृश्य : नंदुरबार जिल्ह्यातील आश्रमशाळेत मुलांची रक्ततपासणी.)

नंदुरबार जिल्ह्याचा विचार करताना सिकलसेलला वगळता येत नाही. अक्कलकुवा आणि अक्राणीच्या आदिवासी वस्त्यांत हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लहान वाहिन्यांत अडकतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्याही हळूहळू अरुंद करतात, म्हणून लहान मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. १९९८ साली अमेरिकेत १३० मुलांवर झालेल्या चाचणीत डोक्यावरून केलेल्या डॉप्लर (ध्वनिलहरींच्या) तपासणीत रक्ताचा वेग फार वाढलेला दिसला अशी मुले निवडण्यात आली. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ११ मुलांना पक्षाघात झाला आणि नियमित रक्त मिळालेल्या गटात एकालाच झाला. फरक एवढा ठळक होता की, चाचणी मुदतीआधीच थांबवून सर्वांना रक्त देण्याचा पर्याय खुला करण्यात आला. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा जास्त राहते, त्यामुळे आपल्या मुलांना हा धोका तुलनेने कमी असतो. कमी असला तरी तो आहे. सिकलसेलच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर तो थकव्याचा प्रकार समजून शाळेच्या खोलीत झोपवून ठेवू नये.

(दृश्य : वॉर्डमधील पलंग. परिचारिका रुग्णाला उठवून बसवते व चमच्याने पाणी देते.)

पक्षाघात झाल्यानंतरचे पहिले काही दिवस मेंदूइतकेच बाकीच्या शरीराचे असतात. अनेक रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. भेटायला आलेला नातेवाईक मायेने पाणी पाजतो, पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून परिचारिका आधी रुग्णाला ताठ बसवते, एक चमचा पाणी देते, गिळताना कंठ वर येतो का ते पाहते, खोकला येतो का आणि पाण्यानंतर आवाज घोगरा होतो का ते ऐकते. गिळणे सुरक्षित नसेल, तर नाकातून नळी घातली जाते. ती पाहून घरचे घाबरतात, पण ती नळी जीव वाचवण्यासाठीच असते.

ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तीनच गोष्टी परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने सांभाळाव्यात, असा प्रयोग ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांत झाला. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या कक्षांत ही पद्धत शिकवली गेली, तिथे तीन महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी रुग्ण ४२ टक्के होते. इतर कक्षांत ते ५८ टक्के होते. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. तालुक्याच्या रुग्णालयातही जमण्याजोगे हे काम आहे, आणि ते परिचारिकेच्या हातचे आहे.

दर दोन तासांनी कूस बदलणे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत; पायातील गुठळ्यांवर लक्ष ठेवणे; लघवीची नळी लवकर काढणे, ही कामे सर्वांना ठाऊक असतात, तरी रात्रपाळीत ती हमखास राहून जातात. खांद्याविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. लुळ्या हाताचे स्नायू सैल पडलेले असतात आणि त्या हाताचे वजन खांद्याच्या सांध्याला पेलत नाही. अशा वेळी रुग्णाला उठवताना त्याच हाताला धरून ओढले, तर सांधा निखळतो आणि पुढचे कित्येक महिने खांदा इतका दुखतो की, रुग्ण व्यायामालाच नकार देतो. उठवताना एक हात पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याखाली घालावा आणि दुसरा कमरेला द्यावा. बसल्यावर लुळा हात उशीवर ठेवावा, तो खाली लोंबू देऊ नये.

(दृश्य : घराची ओसरी. खाटेवर बसलेला माणूस आणि त्याला उभे राहायला मदत करणारी पत्नी.)

पुनर्वसनाच्या संशोधनाने काही समजुती मोडून काढल्या आहेत. रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त चालवाल तितके चांगले, असे पूर्वी मानले जात होते. पाच देशांतील २१०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवून चालवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने हालचाल सुरू केलेल्यांपैकी ५० टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. म्हणजे पहिल्या दिवशीची घाई उपयोगी पडली नाही. सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडी थोडी करावी.

खान्देशासाठी याहून महत्त्वाची चाचणी भारतातच झाली. १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम, बसणे-उठणे आणि रोजची कामे कशी करून घ्यायची, हे शिकवून रुग्णांना घरी पाठवण्यात आले. फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, मग घरच्यांनाच शिकवावे, ही कल्पना कोणालाही पटावी अशीच होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. शिकवल्यामुळे फरक पडला नाही.

या निष्कर्षातून घरच्यांची सेवा वाया जाते असा अर्थ काढणे चुकीचे होईल. आमच्या मते, त्याचा रोख व्यवस्थेकडे आहे. दिवसा शेतात राबणाऱ्या, रात्री स्वयंपाक आवरून नवऱ्याचा पाय वाकवणाऱ्या बाईवर सगळा भार टाकून फिजिओथेरपिस्टची जागा भरून काढता येत नाही. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसला आणि घरी चाललेल्या व्यायामाच्या चुका त्याने दुरुस्त केल्या, तर त्या सेवेला बळ मिळेल. धडगावच्या माणसाने दर वेळी नंदुरबारला किंवा धुळ्याला यावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

आणि हे काम पहिल्या महिन्यात संपत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत २२२ रुग्ण होते आणि त्यांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झाले होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या चांगल्या हाताला मोजा घालून दुबळ्या हाताकडून दोन आठवडे रोज कित्येक तास कामे करून घेतली गेली. त्यांच्या हाताच्या वापरात झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. हा उपाय ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल परतली आहे त्यांच्यासाठीच असतो, आणि तो जाणकाराच्या देखरेखीखाली करावा. पण तीन महिने झाले, आता जे राहिले ते राहिले, असे सांगून रुग्णाला खाटेवर सोडून देण्यास या संशोधनात कोणताही आधार सापडत नाही.

(दृश्य : चित्रांचे पत्ते पुढे ठेवून बसलेली स्पीच थेरपिस्ट.)

वाचा गेलेल्या रुग्णांचा प्रश्न इथे आणखी वेगळा आहे. हैदराबादच्या रुग्णालयातील ६०८ पक्षाघातग्रस्तांच्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची आकलनशक्ती पुढे सुस्थितीत आढळली. एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के होते. वाचा जाण्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. खान्देशात घरी अहिराणी, पावरी किंवा भिली आणि बाजारात मराठी बोलणारी माणसे पदोपदी भेटतात. अशा रुग्णाची तपासणी केवळ प्रमाण मराठीत झाली, तर त्याला जे येते आहे तेही नोंदवले जात नाही. म्हणून पहिल्या भेटीला घरच्या एखाद्या माणसाने सोबत जावे आणि थेरपिस्टला तीस-चाळीस शब्द लिहून द्यावेत : नातवंडांची नावे, बैलांची नावे, शेताचे नाव, आणि घरात पाणी, भाकरी, दुखणे यांसाठी जे शब्द रोज वापरले जातात ते, घरच्याच बोलीत.