सहा आणे, दोन आणे : मिश्री सोडवताना रुग्णाशी कसं बोलावं

(आशाताई, एएनएम ताई म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. तुम्ही रोज गावात, वस्तीवर फिरणारी माणसं आहात, म्हणून मी थेट मिश्रीपासूनच सुरुवात करते.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांना लावत मोरीशी बसायचं. हे घरोघरी कसं चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसं तंबाखू घेताना आढळली. त्यात विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडचा बहुतेक सगळा कारभार चघळण्याचा, दाढेत धरण्याचा आणि दातांना घासण्याचा आहे.

आपण काय करतो? ‘मावशी, सोडा ती मिश्री, कॅन्सर होईल’ असं म्हणतो. मावशी मान डोलावतात, गोळ्या घेतात आणि जातात. हे सांगणं फुकट जातं असं मात्र समजू नका. लंडनमध्ये मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या फॅमिली डॉक्टरांनी धूम्रपान करणाऱ्यांना दोन मिनिटं सल्ला दिला, एक पत्रक दिलं आणि पुढे विचारपूस होईल असं सांगितलं. वर्षभरानंतर त्यांतल्या ५.१ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होतं. दोन मिनिटांत शंभरातले पाच! वैद्यकात इतकं स्वस्त औषध फार थोडं आहे. तेव्हा सांगणं थांबवू नका. मला आज बोलायचं आहे ते उरलेल्या पंचाण्णवांबद्दल.

हा प्रश्न जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या वस्तीवस्तीत जायच्या. तपासणी मोफत, गाडी दारात, तरी लोक येईनात. तिथल्या सरकारी आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला आणि त्यातून आरोग्य-श्रद्धा सिद्धांत उभा राहिला. माणूस मनाशी हिशेब करतो: हे मला होईल का, झालं तर किती वाईट, उपाय केला तर फायदा काय आणि उपायाच्या आड काय येतं. आपण पहिल्या दोन प्रश्नांवर सगळा जोर लावतो. माझ्या अनुभवात गाडी अडते ती चौथ्यावर. आणि आड काय येतं हे रुग्णाला विचारल्याशिवाय कळत नाही.

ओपीडीत घडतो तसा एक संवाद सांगते.

‘मावशी, मिश्री लावल्यावर काय बरं वाटतं?’

मावशी आधी चमकतात, कारण असं कुणी विचारलेलं नसतं. मग म्हणतात, ‘तोंडाला बरं वाटतं. अन् पोट साफ व्हतं. नाय लावली तर दिवसभर डोकं धरतंय.’

‘आणि न आवडणारं काही?’

जरा थांबून, ‘नातू मांडीवर आला की तोंड फिरवतोय. वास येतो म्हणतोय.’

‘मग सोडावी असं रुपयात किती आणे वाटतं?’

‘सहा आणे.’

शहरातल्या तरुणाला मी शून्य ते दहा असा आकडा विचारते; साठीच्या बाईला आणे चटकन कळतात. आता पुढचा प्रश्न नीट ऐका. ‘सहाच का, सोळा का नाही?’ असं विचारलंत तर मावशी मिश्री न सोडण्याची कारणं मोजायला लागतील, आणि माणूस जे स्वतःच्या तोंडानं बोलतो ते त्यालाच अधिक पटत जातं. म्हणून उलट विचारायचं: ‘सहा का? दोन आणे का नाही म्हणालात?’

‘आवो, नातवाचं हाय की. अन् हल्ली तिखट खाल्लं की तोंडात आग व्हती.’

एका प्रश्नात दोन गोष्टी हाती आल्या. सोडण्याचं कारण मावशींनी स्वतः सांगितलं. आणि तोंडात आग होते म्हणाल्यावर बॅटरी घेऊन लगेच तोंड तपासायचं: गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, तोंड पुरतं उघडतं का, न भरणारी जखम आहे का. काही दिसलं तर दंतवैद्याकडे चिठ्ठी.

या बोलण्यामागे विल्यम मिलर यांचं काम आहे. दारूच्या व्यसनावर काम करताना त्यांनी १९८३ मध्ये प्रेरक संवादाची पद्धत मांडली. रुग्णाचं मन दोन्हीकडे ओढलं जात असतं. आपण ‘सोडा’ची बाजू घेऊन जोर लावला की त्याच्याकडे वाद घालायला ‘सोडत नाही’ हीच बाजू उरते. रागावणं, घाबरवणं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणं यानं रुग्ण बदलत नाही. तो आपल्याकडे यायचं बंद करतो, आणि मग त्याचा रक्तदाबही आपल्या हातातून जातो. मला याची फार चीड येते, कारण हे आपल्या दवाखान्यांत रोज चालतं.

तुम्हाला प्रशिक्षणात प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांच्या बदलाच्या पायऱ्या शिकवल्या असतील: विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी, कृती, टिकवणं. १९८३ मध्ये त्यांनी आपलं आपण धूम्रपान सोडू पाहणाऱ्या माणसांचा अभ्यास करून त्या मांडल्या. या पायऱ्यांवर संशोधकांनी बरीच टीका केली आहे आणि ती मला पटते. काल ‘विचारच नाही’ म्हणणारा माणूस भावाच्या तोंडाच्या ऑपरेशननंतर एका रात्रीत पुडी फेकतो. म्हणून पायरीचा शिक्का मारून ‘हा अजून तयार नाही’ असं कुणाला सोडून देऊ नका.

आता मावशींना दुसरा प्रश्न विचारा. ‘ठरवलंच, तर जमेल असं किती आणे वाटतं?’ उत्तर येतं, ‘दोन आणे.’ इच्छा सहा आणे, भरवसा दोन आणे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ज्याला स्व-सामर्थ्य म्हटलं ते म्हणजे ‘मला हे जमेल’ हा भरवसाच. आपलं काम या दोन आण्यांवर आहे. का दोनच? ‘पोट साफ व्हनार नाय.’ आणि मावशी खरं बोलतात. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं. ते थांबलं की काही जणांना काही दिवस बद्धकोष्ठ होतं. ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवून लावलंत तर चौथ्या दिवशी डबी परत उघडेल. आधीच सांगा की असं होईल, डोकं दुखेल, चिडचिड होईल, पहिला आठवडा सगळ्यात जड जाईल आणि मग त्रास उतरत जाईल. उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भिजवलेल्या मनुका, गरज पडली तर काही दिवस इसबगोल.

मग बेत. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं सांगणं असं की ‘मी सोडीन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ हा बेत जास्त टिकतो. मावशींची सकाळ त्यांच्याकडूनच वदवून घ्या. उठल्या, मोरीकडे गेल्या, कोनाड्यातली डबी घेतली. आता कोनाड्यात डबीच्या जागी ब्रश आणि पेस्ट. शेजारणीनं मिश्री पुढे केली तर काय म्हणायचं? शब्द मावशींनी ठरवायचे: ‘डॉक्टरनी तोंडाला औषध लावलंय, नको.’ तलफ आली तर बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकून अंगणात एक चक्कर. तलफ काही मिनिटांत ओसरते. एखाद्या दिवशी मिश्री लावलीच गेली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रश. अ‍ॅलन मार्लाट यांनी दाखवलं की एका घसरणीपेक्षा ‘आता सगळंच संपलं’ ही भावना माणसाला जास्त मागे नेते. हे घसरण्याआधी सांगून ठेवायचं असतं.

घरात सुनेला दिवस गेले असतील तर तिच्याशी वेगळं बोला, सासूसमोर नको. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. पण तिला डबी देणारी सासूच असेल, तर एकट्या सुनेच्या निश्चयावर भार टाकणं अन्याय आहे. तिथे दोघींचा बेत करावा लागतो, आणि नवऱ्याच्या खिशातल्या पुडीचाही विषय काढावा लागतो.

पहिल्या आठवड्यात एकदा घरी जा किंवा फोन करा. ‘सोडली का?’ असं विचारू नका, खोटं उत्तर मिळेल. ‘सकाळ कशी जाते?’ असं विचारा. घरात कुणी लिहिता-वाचता असेल त्याला १८००-११-२३५६ हा मोफत क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा नंबर फोनमध्ये घालून द्या. आणि केसपेपरवर ‘तंबाखू सोडण्याचा सल्ला दिला’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. मावशींचं म्हणणं लिहा: ‘नातवासाठी सोडायची आहे. इच्छा सहा आणे, भरवसा दोन. अडचण पोटाची.’ पुढच्या खेपेला ओपीडीत दुसरी सिस्टर असली तरी तिला तिथून पुढे बोलता येईल.